पदवीनंतर मातीकडे : इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीची वाटचाल

सेंद्रिय शेतीत एम.एस्सी. करायची म्हटली तर आजच्या विद्यार्थ्यापुढे पर्याय आहेत. हिमाचलात पालमपूरच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीचा स्वतंत्र विभाग आहे. जर्मनीत विट्झेनहाउसेनला १९८१ साली या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण झाले, ते त्या देशातले पहिले. यांपैकी कुठेही गेलात तरी कंपोस्टचा धडा उघडला की आपल्या इंदूरचे नाव समोर येते. इंदूर पद्धत ही जगभर शिकवली जाते. ती जिथे जन्मली त्या संस्थेला शंभर वर्षे होऊन गेली आहेत, आणि तिचा इतिहास सांगताना माझा भर खतापेक्षा शिक्षणावर राहणार आहे. पदवी घेऊन आलेल्या तरुणाला शेती कशी शिकवावी, या प्रश्नाचे या संस्थेने दिलेले उत्तर मला खताइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे वाटते.

संस्थेची सुरुवात सेंद्रिय शेतीसाठी झाली नव्हती, कापसासाठी झाली होती. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला. त्या पैशातून कापसावर मूलभूत संशोधन करायचे, पदवीधरांना त्या संशोधनाचे प्रशिक्षण द्यायचे आणि मध्य भारत व राजपुताना यांतल्या संस्थानांसाठी एक मध्यवर्ती प्रयोगक्षेत्र चालवायचे, असे तीन पदरी काम ठरले. होळकर दरबाराने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने ३०० एकर जमीन दिली. तेव्हा गादीवर तिसरे तुकोजीराव होते. १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली आणि संचालक म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आले.

हॉवर्ड इंग्लंडातल्या श्रॉपशायरच्या शेतकरी घरातले, १८७३ चा जन्म. केंब्रिजला शिकले, वेस्ट इंडिजमध्ये उसाच्या रोगांवर काम केले, आणि १९०५ पासून बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुसा १२ आणि पुसा ४ हे गहू त्यांच्या हातचे. ‘त्यांच्या’ म्हणताना दोघांची नावे घ्यायला हवीत. गॅब्रिएल हॉवर्ड केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात शिकल्या होत्या. प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांच्याबरोबर केलेले काम लग्नाआधीच नावाजले गेले होते. १९१३ मध्ये त्या सरकारी नोकरीत दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ झाल्या. एवढ्या वरच्या शास्त्रीय पदावर त्या काळात हिंदुस्थानात बाई असणे ही मोठीच गोष्ट होती. इंदूरच्या संस्थेची आखणी नवराबायको दोघांनी मिळून केली. १९२९ साली संस्थेच्या कामाचा वृत्तान्त सांगणारे पुस्तक निघाले तेही दोघांच्या नावाने.

पुसा सोडण्यामागे एक तक्रार होती आणि तिच्यातूनच इंदूरची रचना निघाली. पुसात कीटकशास्त्र एका इमारतीत, बुरशीशास्त्र दुसऱ्या, रसायन तिसऱ्या, अशी वाटणी होती. गव्हाचे रोप मात्र एकच असे. त्याची मुळे, त्याखालची माती, त्यावरची कीड आणि त्याला मिळणारे पाणी यांचा एकत्र विचार करायला कोणीच मोकळा नव्हता. हॉवर्डना हे सहन होईना. आपण सांगितलेला उपाय आधी आपल्या शेतावर राबवून पीक काढून दाखवावे आणि मगच शेतकऱ्याला सल्ला द्यावा, असे ते मानत. पुसात त्यांनी ७५ एकर जमीन मागून घेतली, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना गुरू केले आणि रोग-किडीलाही शिक्षक मानले. जिथे कीड पडते तिथे जमिनीचे किंवा वाणाचे काही तरी चुकते आहे, अशी त्यांची दृष्टी होती. इंदूरला आल्यावर त्यांनी विभागांच्या भिंती घातल्याच नाहीत. वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र, रसायन यांची माणसे एका पिकाभोवती, एका शेतावर काम करू लागली.

कॉटन कमिटीच्या शिष्यवृत्तीवर इथे प्रशिक्षणाला येणारे तरुण बी.एस्सी., एम.एस्सी. झालेले असत. ते महाविद्यालयात विषय शिकून आलेले होते, इथे त्यांच्या समोर पीक होते. माझ्या मते संस्थेचा खरा अभ्यासक्रम हाच, छापील कागदावर कधीच न आलेला.

पहिला धडा पाण्याचा होता. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात अशी चिंबते की आठवडेच्या आठवडे वाफसा येत नाही. मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते, आणि कांस गवताचे रान माजते ते वखराला दाद देत नाही. हॉवर्डनी आधी पिकाला हातच घातला नाही. जमिनीचा उतार पाहून पाणी काढण्याचे चर आखले, त्यांवर गवत राखले, शेतांची आखणी उताराला धरून केली. वाण बदलण्याआधी मातीचा श्वास मोकळा करायचा, हा क्रम त्यांनी सोडला नाही. कापसाची सुधारणा म्हणजे नवे बियाणे, असे धरून चालणाऱ्या त्या काळात हा क्रम उलटाच होता.

दुसरा धडा मजुरांचा, आणि तो इतिहासात फार कमी सांगितला जातो. या शेतावर कामाचा दिवस सहा तासांचा होता. मजुरी वेळच्या वेळी, चोख. राहायला जागा, दुखण्याखुपण्याला औषधोपचार. १९२९ च्या पुस्तकात या विषयाला जागा दिलेली आहे. संशोधनसंस्थेच्या वृत्तान्तात मजुरीचे तास असावेत ही कल्पना आजही दुर्मीळ आहे. शेतीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याने ते प्रकरण जरूर वाचावे. आपल्या प्रबंधातले प्रयोग कोणाच्या हातांनी होतात हे विद्यार्थ्याला माहीत असते, पण प्रबंधात ते कुठे येत नाही.

आता खत. हॉवर्ड दांपत्याला चीन-जपानच्या शेतीचे आकर्षण होते. एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाचे त्यावरचे पुस्तक १९११ मध्ये निघाले होते. वाया जाणारी प्रत्येक वस्तू मातीत परत घालणारे ते शेतकरी चाळीस शतके एकाच जमिनीवर पिके काढत होते. माळव्यात मात्र शेणाच्या गोवऱ्या होत, पऱ्हाट्या चुलीत जात, आणि गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत जिरून फुकट जाई. शेण थोडे आणि काडीकचरा भरपूर, अशा गावात चांगले खत कसे करावे, हा प्रश्न रसायनाचाही होता आणि गोठ्याचाही.

उत्तर शोधणारा माणूस मराठी होता. यशवंत वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे साहाय्यक होते. त्यांनी आणि हॉवर्डनी मिळून १९३१ साली जे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून प्रसिद्ध केले, त्याच्या मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत. शेतीतले टाकाऊ पदार्थ आणि त्यांपासून ह्यूमस, असा त्याचा विषय. पुढे जगाने हॉवर्डना सेंद्रिय शेतीचे जनक म्हटले आणि वाड तळटिपेत गेले. हॉवर्डनी स्वतः मात्र पद्धतीला आपले नाव दिले नाही. इंदूर दरबाराने केलेल्या मदतीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी तिला इंदूरचे नाव दिले. संस्थेच्या शताब्दीच्या या स्मरणिकेत तरी वाडांचे नाव मजकुरात यावे असा माझा आग्रह आहे, कारण पद्धतीतले जे मोजमाप आहे, कर्ब आणि नत्र यांचा जो हिशेब आहे, तो प्रयोगशाळेशिवाय उभा राहिला नसता.

पद्धत तपशिलात बघण्यासारखी आहे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि जेमतेम २ फूट खोल, बाजू उतरत्या. खोली मुद्दाम कमी, म्हणजे तळापर्यंत हवा पोचावी. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजायला कठीण, म्हणून त्या आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई, त्यासाठी वेगळे यंत्र किंवा वेगळी मजुरी लागत नसे. तण, पालापाचोळा, पाचट, धसकटे हे सगळे जमेल तसे सुकवून साठवायचे, एकत्र मिसळायचे आणि बैलांच्या पायाखाली अंथरायचे. रात्रभर त्यावर शेण-मूत पडे. गोठ्याची जमीन फरशीची नव्हती, मातीचीच होती. मूत्र मुरलेली वरची सहा इंच माती काही महिन्यांनी खणून काढायची, तिथे नवी घालायची, आणि काढलेली माती बारीक करून खतासाठी ठेवायची. सकाळी हे अंथरूण, ती मूत्रमाती आणि चुलीतली राख खड्ड्याकडे निघे. दोन बांबूंना गोणपाट ठोकून केलेल्या झोळ्यांतून दोघे-दोघे मिळून ते वाहून नेत. खड्ड्यात पातळ थर द्यायचे, तुडवायचे नाहीत. वरून शेणकाला शिंपायचा आणि त्यात आधीच्या खड्ड्यातले, बुरशी चढलेले थोडे खत मिसळायचे, दुधाला विरजण लावावे तसे.

दोनेक दिवसांत खड्डा तापतो. आतले तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्या आचेत माश्यांच्या अळ्या आणि तणांचे बी मरते. मग तीन वेळा खत पालटायचे. पहिल्यांदा पंधरवड्याच्या सुमारास, दुसऱ्यांदा महिन्याने, तिसऱ्यांदा दोन महिने झाल्यावर. दर खेपेला पाणी, दर खेपेला हवा. तीन महिन्यांनी हाती येते ते काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ असे असते, शेवटी ते १० ला १ होते. म्हणजे हे खत घातले की जमिनीतले जिवाणू पिकाच्या तोंडचा नत्र पळवत नाहीत. अर्धवट कुजलेले शेणखत घातल्यावर पीक पिवळे का पडते, हे शेतकरी पिढ्यानपिढ्या पाहत होता, आता त्यामागचे कारण आकड्यात मांडता आले. संस्थेच्या ४० बैलांच्या गोठ्यावर वर्षाला सुमारे १००० गाड्या खत निघे. बाहेरून विकत घेतलेली वस्तू त्यात एकही नव्हती.

गॅब्रिएल हॉवर्ड ऑगस्ट १९३० मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्डनी इंदूर सोडले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९४० मध्ये त्यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाले, ते त्यांनी गॅब्रिएलना अर्पण केले आहे. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपासून उत्तर बंगालच्या चहाबागांपर्यंत इंदूर पद्धत पोचली होती. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे आपले मासिक काढले, इंग्लंडात ईव्ह बाल्फोर यांचे पुस्तक १९४३ मध्ये आले, १९४६ मध्ये तिथे सॉइल असोसिएशन स्थापन झाली. या साऱ्यांनी हॉवर्डांचे ऋण मानले आहे.

हॉवर्ड गेले की संस्थेची कथा संपली, असे बऱ्याच लेखांतून वाटते. ते खरे नाही. पुढची वर्षे तितकीच कसदार होती. नवे संचालक जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ मध्ये वस्तीतला मैला आणि कचरा याच पद्धतीने निर्धोक करून खत बनवण्याचे काम प्रसिद्ध केले. इंदूर रेसिडेन्सीच्या परिसरात त्याचा वापरही झाला. आज ज्या शहरात ओला कचरा घरोघर वेगळा काढला जातो आणि २०२२ पासून रोज ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात त्याचा गॅस आणि खत होते, त्या शहरातच हे काम झाले होते याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी संस्थेला भेट देऊन खताचे काम पाहिले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याची घडी बसत होती. गावाचा उकिरडा आणि गावाचे खत हा त्यांच्याही डोक्यातला विषय होता.

त्याच सुमारास, १९३३ ते १९३७ या काळात, जोसेफ हचिन्सन इथे आनुवंशशास्त्रज्ञ होते. पुढे ते केंब्रिजला शेतीचे प्राध्यापक झाले. त्यांच्याबरोबर व्ही. जी. पानसे होते. वाणांची तुलना करायची तर शेतातले वाफे कसे मांडावेत, किती पुनरावृत्ती घ्याव्यात, फरक खरा की योगायोगाचा हे कसे ठरवावे, यावर दोघांचा लेख १९३७ मध्ये आला. पानसे पुढे दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेचे संख्याशास्त्रीय सल्लागार झाले. त्यांनी आणि पां. वा. सुखात्मे यांनी मिळून १९५४ मध्ये लिहिलेले शेतीसंशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक आजही कुठल्याही कृषी विद्यापीठात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याच्या टेबलावर सापडते.

इथे जरा थांबायला हवे. हॉवर्डना लहान वाफ्यांचे प्रयोग आणि त्यांवरचे संख्याशास्त्र मुळीच पसंत नव्हते, त्यांनी त्यावर कठोर टीका केली आहे. शेत म्हणजे एक अखंड जिवंत वस्तू, तिचे तुकडे करून सत्य कळत नाही, हे त्यांचे म्हणणे. आणि त्यांच्याच संस्थेत, त्यांच्या मागोमाग, देशातल्या शेतीप्रयोगांना संख्याशास्त्राची शिस्त लावणारा माणूस तयार झाला. मला यात विसंगती दिसत नाही, पूर्तता दिसते. हॉवर्डनी प्रश्न अखंड ठेवायला शिकवले. आपल्याला हवे तेच आपण पाहत तर नाही ना, हे तपासायला पानसे यांनी शिकवले. सेंद्रिय शेतीच्या विद्यार्थ्याला तर दुसऱ्या शिकवणीची गरज अधिक आहे, कारण या विषयात श्रद्धा लवकर जडते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५९ मध्ये याच परिसरात कृषी महाविद्यालय सुरू झाले. १९६४ मध्ये जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेले. २००८ पासून ते ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाकडे आहे. देशभर कृषी विद्यापीठे अमेरिकन नमुन्यावर उभी राहत होती आणि त्या नमुन्यात विभाग होते. कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, प्रबंध वेगळे. हॉवर्डनी पुसात ज्या भिंती पाहिल्या त्या इंदूरलाही उभ्या राहिल्या. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. देशाला धान्य हवे होते आणि एका विभागाला नेमका एक प्रश्न दिला की उत्तर लवकर येते. संकरित वाण, खतांच्या मात्रा, पुढे माळव्यात सोयाबीनचा विस्तार, हे सारे त्या रचनेतून झाले. किंमत मोजली ती मातीतल्या सेंद्रिय कर्बाने, आणि पऱ्हाट्या पेटवून देण्याची सवय जडली.

पद्धतीचा प्रवाह मात्र संस्थेबाहेर वाहत राहिला. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये खत न पालटण्याची पद्धत काढली. विदर्भात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचा जाळीदार टाका बांधला, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भोकांतून हवा आपोआप खेळते, पालटायची मेहनत वाचते. नाडेप हे त्या टाक्याचे नाव त्यांच्याच नावावरून पडले. इंदूर पद्धतीतले सर्वांत कष्टाचे काम पालटणीचे, ते टाळण्याची युक्ती कापसाच्याच मुलखातून निघावी हे स्वाभाविक आहे.

शासनाने २००१ मध्ये सेंद्रिय प्रमाणीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००४-०५ पासून सेंद्रिय शेतीवर देशव्यापी प्रयोगांची साखळी मोदीपुरमहून चालू आहे, २०१६ मध्ये सिक्कीमला संपूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर करण्यात आले आणि त्याच वर्षी गंगटोकला राष्ट्रीय संशोधन संस्था आली. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा प्रयोग आपल्या अंगणातच आहे. निमाडात, खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदजवळ, स्वित्झर्लंडची फिबल ही सेंद्रिय शेती संशोधन संस्था आणि तिची स्थानिक भागीदार बायोरे यांनी २००७ पासून काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि गहू यांवर दीर्घकालीन प्रयोग चालवला आहे. बायोडायनॅमिक, सेंद्रिय, रासायनिक, आणि बीटी कापसासह रासायनिक, अशा चार पद्धती शेजारी-शेजारी आहेत. २०१३ मध्ये पहिल्या चार वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी आणि गहू २७ टक्क्यांनी कमी आला. पुढच्या दोन वर्षांत फरक मिटला, पण तो रासायनिक वाफ्यांचे उत्पादन उतरल्यामुळे. सोयाबीनमध्ये पहिल्या फेरीत तूट फक्त १ टक्का होती, दुसरीत ११ टक्के. हे आकडे कोणत्याही बाजूला पूर्ण सुख देत नाहीत आणि म्हणूनच ते शिकण्याजोगे आहेत. बदलाची पहिली वर्षे शेतकऱ्याने कशी काढायची, हा आजच्या एम.एस्सी.चा विषय आहे.

शताब्दीच्या निमित्ताने या परिसरासाठी माझी एक मागणी आहे. महाविद्यालयात एम.एस्सी.ला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याचा विभाग कोणताही असो, पहिल्या वर्षी एक खड्डा द्यावा, ३० बाय १४ फुटांचाच. दिवाळीनंतर त्याने तो स्वतः भरावा, तीनदा पालटावा, आत तापमापी खोचून नोंद ठेवावी, कर्ब-नत्राचे प्रमाण मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्वतः काढावे. उन्हाळ्यात ते खत पानसे यांच्या रीतीने मांडलेल्या वाफ्यांत घालावे आणि खरिपातला कापूस वेचून होईपर्यंत कीटक, रोग, मुळे, वाफसा या सगळ्यांची एकच वही लिहावी. ती वही त्याच्या मार्गदर्शकाबरोबर इतर दोन विभागांच्या शिक्षकांनी तपासावी. खड्ड्यासाठी जागा आहे, बैल कमी असले तरी गोठा आहे, आणि १९३१ चे पुस्तक संदर्भाला आहे. त्याचा मराठी आणि हिंदी अनुवाद करून तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती प्रवेशाच्या दिवशीच द्यावा, हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावे सारख्याच टाइपात छापून.